आधी गूळ-पाणी, मग नाव

चौदा महिने मी प्रभूची प्रार्थना म्हटली नाही. म्हणजे दर रविवारी चर्चमध्ये मंडळीबरोबर उभा राहत होतो, ओठ हलवत होतो, शेवटचं 'आमेन' तर सगळ्यांच्या आधी आणि मोठ्याने म्हणत होतो. पण तिच्या सुरुवातीलाच 'पित्या' अशी जी हाक आहे, तिथे माझा गळा बंद व्हायचा. कोल्हापुरातल्या आमच्या मंडळीत मी अठरा वर्षं वडील आहे, म्हणजे पाळकांच्या हाताखाली मंडळीचं सगळं पाहणाऱ्यांपैकी एक. गुरुवार संध्याकाळचा शास्त्राभ्यासाचा, म्हणजे बायबल शिकवण्याचा, वर्ग माझा. कोणी काहीही विचारो, माझ्याजवळ अध्याय आणि वचन तयार. तरुण मुलं माझ्या पाठीमागे मला 'संदर्भकाका' म्हणतात हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडायचं. ज्याला शास्त्र पाठ, त्याला देव जवळ, अशी माझी साधी समजूत होती. अशा माणसाला साधी प्रार्थना म्हणता येईना, हे मी कोणाला सांगणार होतो?

नोकरी मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत केली, पस्तीस वर्षं, पॅटर्न बनवण्याची. लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो. तो मातीत दाबून साचा तयार होतो आणि त्यात रस ओततात. नमुन्यात केसाएवढी चूक झाली की शंभर वस्तू भंगारात जातात. त्यामुळे मोजून बोलायची, मोजून वागायची आणि दुसऱ्यालाही मोजायची सवय अंगात मुरलेली. आमची ही, म्हणजे माझी बायको, प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. ती म्हणायची, तुम्ही माणसाशी बोलतानाही खिशातली पट्टी चाचपता. मी हसण्यावारी न्यायचो.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमचा आशिष पुण्याहून आला. एकुलता एक मुलगा. तिकडे कंपनीत नोकरी, राहायला भाड्याचा फ्लॅट. दुपारच्या एसटीने घामाघूम होऊन आला. ही त्याच्या ग्लासातून पाणी घेऊन आली. तो ग्लास माझ्या सासूबाईंनी त्याच्या बाप्तिस्म्याला दिलेला, जाड स्टीलचा, वर 'आशिष' असं नाव कोरलेलं. त्याने ग्लास हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही. म्हणाला, "पप्पा, मम्मी, आधी सांगतो, मग पितो. नाहीतर सांगायचं राहून जाईल." आणि त्याने सांगितलं. त्याचं मन मुलींकडे कधी गेलं नाही, मुलांकडेच जातं, कळायला लागल्यापासून तसंच आहे. हे जावं म्हणून त्याने उपास केले, रात्रंदिवस प्रार्थना केल्या. बारावीच्या वर्षी त्याने चाळीस दिवस उपास धरले होते, ते आम्हाला परीक्षेसाठी वाटले होते. देवाने ते काढून घेतलं नाही. आता तो देवाकडे ते मागतही नाही. फक्त आमच्याशी खोटं बोलत राहायचं नाही, म्हणून आला होता.

हे सांगायला केवढी छाती लागते, हे मला आज कळतं. त्या दुपारी मी काय केलं? उठलो, कपाटातून शास्त्र काढलं आणि समोर बसून वचनं वाचू लागलो. एकामागून एक. ग्लास टीपॉयवर राहिला. पोरगा मान खाली घालून ऐकत होता, मध्येच एकदा हिच्याकडे बघत होता. सहाच्या गाडीने तो परत गेला. संध्याकाळी हिने ते पाणी दारातल्या जास्वंदीला घातलं. मी ते बघत उभा होतो.

पुढे फोनवर वाद सुरू झाला. दर रविवारी उपासनेनंतर तो फोन करायचा आणि आमचं जुंपायचं. वाद घालण्यात बाप-लेक सारखेच, कारण त्याला शास्त्र शिकवलं ते मीच. मी जुन्या करारातल्या नियमशास्त्राची वचनं काढली की तो म्हणायचा, "त्याच पानांवर दोन धाग्यांचं कापड वापरू नका असंही आहे. पप्पा, तुमचा शर्ट टेरिकॉटचा आहे." मी म्हणायचो, तो विधीचा नियम आणि हा नीतीचा. मी नव्या करारातल्या पौलाच्या पत्रांवर आलो की तो म्हणायचा, पौल लिहितो ते त्या काळातल्या ऐषारामाबद्दल, गुलामांच्या आणि पोरांच्या नासाडीबद्दल. दोन माणसांनी एकमेकांना आयुष्यभर सांभाळावं, हा प्रश्न त्याच्यापुढे कधी आलाच नव्हता. मी म्हणायचो, हे तुझं अनुमान झालं, पौल तुला येऊन सांगून गेला नाही. शेवटी मी सदोमाची गोष्ट काढायचो, जिच्यावर स्वर्गातून आग पडली त्या नगराची. त्यावर तो शांतपणे म्हणायचा, "पप्पा, त्या नगराचं पाप काय होतं ते यहेज्केल संदेष्ट्यानं लिहून ठेवलंय. गर्व, भरलेली पोटं, आणि गरिबाला हात न देणं. वाचा एकदा." ते मी वाचलेलं होतं, शिकवलेलंही होतं. पण त्याच्या तोंडून आलं म्हणून त्याला मी इंटरनेटवरचं शहाणपण म्हणालो.

त्याचे सगळे मुद्दे बरोबर होते असं मी आजही म्हणणार नाही. माझेही सगळे चुकीचे नव्हते. पण दर रविवारी फोन ठेवला की ही ताट वाढत विचारायची, "तो जेवला का, एवढं तरी विचारलंत?" ते विचारायचं नेमकं राहून गेलेलं असायचं. एका रविवारी आशिष म्हणाला, "पप्पा, आपण वचनांवर बोलतोय. माझ्याबद्दल कधी बोलणार?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वचनाबाहेर तू कोण रे?" तो "बरं, पप्पा" म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर फोन आला नाही. ही भाजी वाढत म्हणाली, "जिंकलात. आता जेवा." चौदा महिने मी मोजतो आहे ते त्या दिवसापासून.

असे दिवस चालले असताना जयसिंगपूरच्या मंडळीच्या पाळकांचा फोन आला. त्यांच्याकडे तरुण संघाचं दोन दिवसांचं शिबिर होतं. मुलं मोबाईलवर काय काय बघतात आणि प्रश्न विचारतात, तेव्हा समलैंगिकतेबद्दल शास्त्र काय शिकवतं ते तुम्ही येऊन सांगा, असं ते म्हणाले. "तुमच्याइतकं स्पष्ट कोण बोलत नाही, काका." आमच्या घरातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं, तसं मंडळीतही कोणाला नव्हतं. नाही म्हणावं तर कारण द्यावं लागलं असतं. मी हो म्हणालो. आठ दिवस बसून अकरा पानं लिहिली. युक्तिवाद इतका बिनचूक झाला होता की कुठे नख घालायला जागा नव्हती. तरी ती पानं फायलीत लावताना मी मनात म्हणालो, प्रभू, मी जर बरोबर आहे, तर मला हलकं का वाटत नाही? मला वाटतं, त्या दिवसांत मी विश्वासापासून जेवढा लांब होतो तेवढा आयुष्यात कधी नव्हतो, आणि हातात मात्र अकरा पानांचं शास्त्र होतं.

एप्रिलमधला शनिवार होता. भाषणासाठी उपास धरायचा मी ठरवलं होतं. मला साखरेचा आजार आहे. सकाळची गोळी घेतली की खाल्लंच पाहिजे, हे ही रोज बजावते. तिने डबा भरून दिला, तो मी मुद्दाम फ्रिजवर 'विसरलो'. गोळी मात्र इमानदारीने घेतली. साठीच्या पुढच्या माणसाचा हा शहाणपणा. स्कूटर काढली, शिरोली मागे टाकली, हातकणंगलेही गेलं. पुढे मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं आणि गाड्या उसाच्या रानातल्या कच्च्या रस्त्याने वळवल्या होत्या. त्या रस्त्यावर माझे हात थरथरू लागले. घाम फुटला, समोरचं एक झाड दोन दिसू लागलं. साखर उतरली हे मला कळलं, आणि खिशात चॉकलेटसुद्धा नाही हेही कळलं. स्कूटर कशीबशी स्टँडला लावली आणि बांधावर बसलो तो आडवाच झालो. मला देवाला हाक मारायची होती. पण मारणार ती कोणती हाक? तीच तर चौदा महिने अडकली होती. तोंडातून नुसतं 'बा' निघालं आणि पुढचं आठवत नाही.

शुद्धीवर येत होतो तेव्हा शेणाचा आणि दुधाचा वास येत होता. कोणाच्या तरी गोठ्याच्या सावलीत, पोत्यावर मला बसवलं होतं. पाठीमागून एका तरण्या बाईने आधार दिला होता. समोर सत्तरी उलटलेली एक आज्जी उकिडवी बसली होती, हातात अंड्याएवढा गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या.

"पावणं, आदी गूळ खावा. मग पानी प्या. बोलू नगासा," ती म्हणाली.

आमच्याकडे अनोळखी माणसाला पावणंच म्हणतात. रस्ता विचारणारा, फळं विकत घेणारा, कोणीही असो, तो पावणं. मी खडा तोंडात धरला. गूळ विरघळत गेला तसे हातपाय परत आपले वाटू लागले. म्हातारी पदराने वारा घालत होती. पंधरा-वीस मिनिटांनी झाड पुन्हा एक झालं. तेव्हा मी तिला विचारलं की आक्का, माझी साखर उतरली हे तुम्हाला कसं कळलं?

"मला काय ठावं साकर-बिकर? पावणं दारात आलं की गूळ-पानी द्यायचं, एवढंच ठावं."

मागची बाई तिची सून. ती हसून म्हणाली, "आत्तीस्नी विचारू नगा. कुत्रं आलं तरी गूळ देत्यात."

म्हातारी तिच्याकडे दुर्लक्ष करून मला म्हणाली, "आजून तुमचं नाव इचारलं न्हाय बगा. आमच्यात आदी गूळ-पानी, मग नाव, मग गाव. आता सांगा."

मी नाव सांगितलं. आमच्या नाव-आडनावावरून आम्ही ख्रिस्ती आहोत हे लगेच कळतं. ते कळल्यावर चहाचा कप बदललेला मी लहानपणी पाहिलेला आहे, ते माणूस विसरत नाही. इथे तर मी तिच्याच तांब्याला तोंड लावून प्यालो होतो. ती म्हणाली, "व्हय काय. आमच्या गावातबी हाईत दोन घरं, चांगली मान्सं हाईत," आणि सुनेला भाकरी-दूध आणायला आत पाठवलं. पाणी एकदा पोटात गेल्यावर नावाने काही बिघडत नाही, हे त्या घरात कोणीतरी फार पूर्वी ओळखून ठेवलेलं असणार.

भाकरी कुस्करताना तिने विचारलं की एवढ्या उन्हात कुठे निघालो होतो. शास्त्रातली एक गोष्ट सांगायला, असं मी म्हणालो. "मग आमास्नीबी सांगा की," ती म्हणाली. आता त्या माउलीसमोर मी काय सांगणार? भाषणाचा जो मुद्दा होता तो लाजेपोटी गाळला आणि उरलेली सदोमाची गोष्ट तिच्याच भाषेत सांगितली. एका गावात सांजेला दोन पाहुणे आले. लोट नावाच्या माणसाने त्यांना रस्त्यावर राहू दिलं नाही, आग्रह करून घरी नेलं, जेवू घातलं. तर अख्खा गाव त्याच्या दाराशी जमला आणि म्हणू लागला, काढ त्यांना बाहेर, आमच्या हवाली कर. पुढे त्या गावावर आग पडली.

"म्हंजे दोन पावणं आलतं," म्हातारी म्हणाली, "आणि गावानं त्यांच्यावर हात टाकला. असंच न्हवं?"

"व्हय."

"मग जळंल न्हाय तर काय हुईल ते गाव? पावण्यावर हात टाकतंय व्हय कोन?"

माझा घास हातात राहिला. चाळीस वर्षं ती गोष्ट शिकवत होतो आणि दरवेळी दाराबाहेरच्या गर्दीला त्या पाहुण्या पुरुषांशी संग हवा होता, त्यावर बोलत होतो. दाराच्या आत कोण बसलं होतं, याकडे माझं लक्षच कधी गेलं नव्हतं. माझ्या मुलाने हेच सांगितलं होतं, संदेष्ट्याच्या वचनासकट. त्याचं मी ऐकलं नाही. अक्षरओळख नसलेल्या या बाईने ते माझ्याच तोंडून ऐकून मला परत दिलं. माझे बाकीचे संदर्भ काही तिने खोडले नाहीत, तिला ते माहीतही नव्हते. पण त्या गर्दीत मी माझा स्वतःचा चेहरा पाहिला आणि तो नंतर मला पुसता आला नाही.

"पोरंबाळं?" तिने विचारलं.

"एक ल्योक. पुण्याला."

"येतंय न्हवं?"

"न्हाय येत. भांडान झालंया." मी तिच्याच बोलीत बोलू लागलो होतो, माझ्या आईच्या बोलीत. कशावरून भांडण झालं, असं तिने विचारलं. मी भाकरी कुस्करत बसलो. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पर येकांदा आलाच, तर आदी गूळ-पानी द्या. भांडान काय कुटं पळून जातंय?"

मी रडलो. आडपडदा न ठेवता, सूनबाईसमोर, म्हशींसमोर रडलो. त्या ग्लासातलं पाणी जास्वंदीला घालणारी ही मला दिसत होती. म्हातारीने समजूत घातली नाही, दुधाची वाटी तेवढी माझ्याकडे सरकवली. निघताना मी म्हणालो, आक्का, उपकार झाले तुमचे. तर म्हणाली, "उपकार कसलं? पावणं आलं की देव पावला म्हनायचं." मी जन्माचा कोल्हापूरचा. पाहुण्याला पावणं म्हणतात आणि देव प्रसन्न होतो त्यालाही पावणं म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण हे दोन शब्द मी कधी शेजारी शेजारी ऐकले नव्हते.

जयसिंगपूरला पोचलो तेव्हा दीड तास उशीर झाला होता. पंचवीसेक मुलं-मुली भक्तिगीतं म्हणत वाट बघत बसली होती. मी फाईल उघडली आणि पुन्हा मिटली. भाषण झालं नाही, साक्षच झाली. माझ्या मुलाने मला काय सांगितलं आणि मी काय केलं, ते मी नाव घेऊन सांगितलं. पॅटर्न बनवणाऱ्याची पट्टी साध्या पट्टीपेक्षा जराशी मोठी असते, तेही सांगितलं. लोखंड थंड होताना आकसतं म्हणून माप मुळातच सैल धरतात. लोखंडासाठी मी आयुष्यभर ती सैल पट्टी वापरली आणि पोटच्या पोरासाठी खिळा ठोकल्यासारखं माप लावलं. तेव्हा तिथल्या मंडळीचे एक वडील उठले आणि चढ्या आवाजात म्हणाले, "मग वचनाचं काय?" त्यांचा राग मला परका नव्हता, महिन्याभरापूर्वी त्या खुर्चीतून मीच उठलो असतो. मी म्हणालो, "वचन जिथल्या तिथं आहे. मी एक अक्षर पुसलेलं नाही, आणि त्यातलं किती मला कळलंय हे आता मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण ते हातात घेऊन मी पोराला पाण्याविना दारातून परत लावलं. हे पाप कुठल्या वचनात बसतं, तेवढं मला कोणीतरी सांगा."

बातमी माझ्या आधी कोल्हापूरला पोचली. पुढच्या आठवड्यात आमच्या पाळकांनी चहाला बोलावलं आणि फार मायेने सांगितलं की गुरुवारचा वर्ग काही दिवस दुसरं कोणी घेईल. ते काही दिवस अजून संपलेले नाहीत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गंमत अशी झाली की वर्ग माझ्याकडून गेल्यावर पहिल्याच गुरुवारी ही घरात अस्वस्थ फेऱ्या मारू लागली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "तुम्ही घरी बसलात, आता मी फोन कधी करू?" चौदा महिने दर गुरुवारी, मी शास्त्र शिकवायला बाहेर पडलो की ती आशिषशी बोलत होती. काय खाल्लंस, सर्दी बरी झाली का, एवढंच. "तुमच्या शास्त्राभ्यासाबद्दल देवाचे सगळ्यात जास्त आभार मीच मानलेत," ती म्हणाली. मी आयुष्यभर वडील म्हणून मिरवलो, पण मंडळीचं खरं काम आमच्या स्वयंपाकघरात चाललं होतं.

मी आशिषला दोनदा फोन केला. त्याने उचलला नाही. मग मेसेज लिहायला घेतला, तोही आधी दोन पानांचा झाला. सगळा पुसला आणि एवढंच पाठवलं: "ये. आधी पाणी पी, मग बोलू. बोललंच पाहिजे असंही नाही." दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी पहिल्यांदा काही न मागता, कुठलंही वचन पुढे न करता देवासमोर नुसता बसलो. माझ्या हातात काही उरलं नव्हतं आणि हात रिकामे असणं ही इतकी वाईट गोष्ट नाही, हे मला नव्यानेच कळत होतं.

चौथ्या रविवारी दुपारी मी वाचायचा चष्मा लावून पेपर बघत बसलो होतो. या चष्म्यातून लांबचं मला धूसर दिसतं. दार उघडंच होतं, फक्त जाळीचं लोटलेलं. बाहेर लख्ख ऊन आणि त्या उजेडात दोन माणसं उभी राहिलेली दिसली. कोणी पत्ता विचारायला आलं असेल म्हणून मी खुर्चीतूनच, नेहमीच्या सवयीने म्हणालो, "कोण पावणं? या, आत या."

दोघांतला एकजण पाऊलभर मागे सरकला. "पप्पा, मी आहे," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की तो माझ्या मुलाचा आहे हे कळायलाही क्षण गेला. मी मुद्दाम परकं म्हटलं असं त्याला वाटलं होतं. ते समजावून सांगायला मला गोठा, म्हातारी, तो गूळ, सगळं सांगावं लागलं असतं, आणि अकरा पानं लिहिणाऱ्या या माणसाला एक शब्द सुचेना. आतून ही आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, चष्मा काढा आधी," आणि पोराला छातीशी धरलं. त्याच्या शेजारी त्याच्याच वयाचा एक उंच मुलगा पिशवी हातात धरून, जावं की थांबावं अशा विचारात उभा होता. तो कोण, हे मला न सांगता कळलं. मी एकाला बोलावलं होतं, आले होते दोघं.

मी सरळ स्वयंपाकघरात गेलो. गुळाचा डबा ही माझ्यापासून लपवून वरच्या फळीवर ठेवते, ती जागा मला कायम माहीत होती. दोन खडे काढले, दोन ग्लास भरले. बाहेर येऊन आधी त्या परक्या मुलासमोर गूळ धरला, मग आशिषसमोर. ग्लास दिले. आणि दिल्यावर दिसलं की कोरलेल्या नावाचा ग्लास मी चुकून त्या दुसऱ्याच्या हातात दिला आहे. आशिषनेही ते पाहिलं. त्याने ग्लासाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्याचे डोळे भरून आले. मी चूक दुरुस्त केली नाही. दोघांनी पाणी पूर्ण प्यायलं, तळ दिसेपर्यंत. ग्लास खाली ठेवले गेले तेव्हा मी समोर बसलो आणि त्या मुलाला म्हणालो, "आता सांगा. नाव काय तुमचं?"

माझे सगळे प्रश्न सुटले असं कोणी समजू नये. काही वचनांपुढे मी अजून अडतो, आशिष अजून मला पौलावरून टोकतो, आणि आमचं अधूनमधून जुंपतं. भांडण कुठे पळून जात नाही, हे म्हातारीने सांगितलंच होतं. त्या रस्त्यावर मी नंतर दोनदा गेलो, गुळाची ढेप घेऊन गेलो, पण वळवलेला रस्ता बंद झाला आहे आणि उसाच्या रानातले सगळे गोठे मला सारखेच दिसले. तिचं नाव विचारायचं माझ्याकडून राहून गेलं. तिने मला वाचवलं की देवाने, हा वाद मी घालत नाही. मला एवढंच समजलं आहे की देवाला शरण जायचं म्हणजे उत्तर हातात आल्यावर जायचं नसतं. आधी दार उघडायचं. उरलेलं तो त्याच्या वेळेने सांगतो, आणि नाही सांगितलं तरी पाणी देण्यासाठी त्याची वाट बघायची गरज नसते. एवढी एक गोष्ट मला शिकवण्यासाठी त्याने मला बांधावर आडवा पाडला, याबद्दल मी त्याचे रोज आभार मानतो.

त्या रविवारी संध्याकाळी चौघं जेवायला बसलो. ताटं वाढून झाली आणि ही माझ्याकडे बघू लागली, कारण आमच्याकडे जेवणाआधी प्रभूची प्रार्थना घरच्या बापाने म्हणायची असते. मी डोळे मिटले. पहिल्याच शब्दाला गळा भरून आला, पण बंद झाला नाही. 'पित्या' म्हणालो आणि पुढचं सगळं आपोआप येत गेलं. शेवटचं 'आमेन' मात्र मला म्हणायला मिळालं नाही. माझ्या आधी आशिषनेच म्हणून टाकलं, आणि मोठ्याने.